जोडीचे काम

घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा लेथ, म्हणजे धातूची सळई गोल फिरवत धारदार टूलने कातण्याचे यंत्र, उभा राहिला, त्याला आता चार वर्षे झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्याने संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र घेतले आणि जागा मोकळी करण्यासाठी हा तीन फूट बेडचा (लांब पायाचा) जुना लेथ विकायला काढला. नोकरीची तीस वर्षे मी इतरांनी करायच्या कामांची ड्रॉइंगे काढण्यात घालवली होती. व्यासापुढे अधिक-उणे दोन शतांश असे लिहिताना ते दोन शतांश मिलिमीटर हाताला कसे लागतात, याचा अनुभव मला कधी आला नव्हता, आणि तो घ्यावा एवढ्याच इच्छेने मी लेथ घेतला. घरची वीज सिंगल फेजची असल्यामुळे मूळ थ्री फेज मोटर चालवण्यासाठी मध्ये व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज वीज देणारे उपकरण) बसवावा लागला, खाली काँक्रीटचा ओटा घालावा लागला आणि बेडची पातळी साधण्यात आठवडा गेला. यंत्र बसवायला आलेल्या मेस्त्रींनी जाताना विचारले, “साहेब, आता यावर काय काय काढणार?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारखान्यात काम आपण शोधायचे नसते, ते ड्रॉइंगच्या रूपाने समोर येते. घरच्या लेथपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र पहिल्यांदा काम शोधावे लागते.

सुरुवातीला मी जे केले ते बहुतेक सगळेच करतात. पितळेच्या तुकड्याचा पेपरवेट केला, ॲल्युमिनियमची मेणबत्तीची बैठक केली, कपाटाच्या दारांना चार मुठी केल्या. पितळेला टूल लागल्यावर जो सोनेरी बारीक कीस उडतो आणि मागे जो चकचकीत पृष्ठभाग उरतो, तो पाहण्याचा आनंद खरा होता आणि त्या वस्तू आजही घरात आहेत. परंतु दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की, या कामांतून मी फारसे शिकलो नाही. पेपरवेटचा व्यास ५० मिलिमीटर ठरवला होता आणि तो ४९.३ झाला, तरी पेपरवेटचे काही बिघडले नाही. चूक झाली हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. शतांश मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर पेटीत पडून होता आणि टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवरचे आकडे मी नुसते फिरवत होतो.

तेव्हापासून काम निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : या वस्तूला जोडीदार आहे का? म्हणजे, ती दुसऱ्या कशात तरी बसायची आहे का, कशावर तरी सरकायची आहे का, कुणाच्या तरी मापाशी जुळायची आहे का? जोडीदार असला की माप आपल्या मर्जीवर राहत नाही. आणि ते जुळले की नाही याचा निकाल दुसरी वस्तू देते. घरच्या लेथवर काय करावे, असे मला आज कोणी विचारले तर मी यादी देण्याऐवजी ही कसोटी सांगतो, आणि मग माझ्या हातून झालेली काही कामे सांगतो.

पहिले जोडीचे काम शेजारच्या बांधकामावरून चालत आले. तिथल्या गवंड्याच्या ओळंब्याची वरची लाकडी चकती वाळून फुटली होती आणि नवी करून द्याल का, असे त्याने विचारले. ओळंबा मी शेकडो वेळा पाहिला होता, पण तो कसा चालतो याचा विचार केला नव्हता. दोरीच्या टोकाला वजन असते आणि त्याच दोरीवर वरखाली सरकणारी एक चकती असते. चकती भिंतीला वर टेकवून धरायची आणि वजन खाली सोडायचे. वजन भिंतीला जेमतेम स्पर्श करून लोंबत राहिले तर भिंत ओळंब्यात आहे. याचा अर्थ असा की, चकतीची रुंदी आणि वजनाचा व्यास तंतोतंत सारखा हवा आणि दोरीचे भोक दोन्हींच्या नेमके मध्यात हवे. चकती वाळून दोन मिलिमीटरने आकसली, तर दोरी भिंतीपासून एक मिलिमीटर जवळ येते आणि सरळ भिंतही कलल्यासारखी दिसते. लाकडाची चकती उन्हापावसात हेच करते.

नुसती चकती करून देण्याऐवजी मी पूर्ण ओळंबाच करायचे ठरवले, कारण त्यात लेथचा एक मोठा धडा दडलेला होता. दोन वस्तूंचे व्यास सारखे करायचे असतील, तर त्या वेगवेगळ्या करून मोजत बसण्यापेक्षा एकाच सळईतून, चकमधून (सळई पकडून फिरवणाऱ्या पकडीतून) न काढता, एकाच कटमध्ये करणे हा उत्तम मार्ग आहे. ४० मिलिमीटरची ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) घेतली, बाहेरचे तोंड फेसिंग करून (सपाट कातून) मध्यात सेंटर मारला, त्या टोकाला रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा (सळईबरोबर फिरणाऱ्या टोकाचा) आधार दिला आणि सगळी लांबी ३८ मिलिमीटरला उतरवली. मग सेंटर काढून त्याच पकडीत ३ मिलिमीटरचे भोक चकतीच्या जाडीतून आरपार आणि पुढे वजनाच्या अंगात २५ मिलिमीटर खोल नेले. एवढे बारीक ड्रिल एका दमात घातले तर भरकटते, म्हणून ते दर तीन-चार मिलिमीटरला बाहेर काढून कीस झाडावा लागतो. चकती वेगळी करताना पार्टिंग टूलने (सळई तोडणाऱ्या अरुंद टूलने) खाच पाडली, पण ३८ मिलिमीटर जाडीत माझा लेथ थरथरू लागला, तेव्हा मोटर बंद करून उरलेले हॅकसॉने कापले आणि तोंड पुन्हा फेसिंग केले. लहान लेथवर जाड सळई पार्ट करण्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत तेव्हा झाले आणि ते अजून बदललेले नाही.

वजनाचे खालचे टोक निमुळते करण्यासाठी ते उलटे धरावे लागते, आणि इथे एका पकडीचा फायदा हातातून जातो. तीन जॉच्या (जबड्यांच्या) जुन्या चकमध्ये उलटा धरलेला जॉब सहज मध्यापासून एक दशांश मिलिमीटर आऊट फिरतो. म्हणून चार जॉचा चक चढवला, डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे उपकरण) लावला आणि समोरासमोरचे जॉ आलटूनपालटून ढिले-घट्ट करत काटा स्थिर केला. पहिल्यांदा त्याला पाऊण तास लागला. आता पाच मिनिटे लागतात. वरच्या भोकाला ६.८ मिलिमीटरचे ड्रिल घालून ८ मिलिमीटरचे आटे पाडले, त्यात नर्लिंग केलेली (पकडीसाठी खरबरीत केलेली) टोपी बसवली, टोपी जागेवर असतानाच तिच्यात दोरीचे भोक पाडले आणि सगळ्या भोकांच्या कडा दोरी कापली जाऊ नये म्हणून गोल केल्या. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरले.

गवंड्याने ओळंबा हातात घेतल्यावर तो आधी भिंतीला लावला नाही. त्याने दोरीवर चकती वजनापर्यंत खाली सरकवली, दोन्ही एकत्र बोटांत धरली आणि अंगठ्याचे नख सांध्यावरून फिरवले. नख कुठे अडले नाही. मायक्रोमीटरने मी जे दहा मिनिटे तपासले होते, ते त्याने एका क्षणात तपासले. दहा फुटांच्या भिंतीला शतांश मिलिमीटरची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. दोरीची जाडीच त्याच्या शंभरपट असते. पण कोणते माप महत्त्वाचे आणि कोणते नाही, हे त्या कामाने मला शिकवले : वजनाची लांबी दोन मिलिमीटर कमी-जास्त झाली असती तरी चालले असते, दोन्ही व्यासांतला फरक मात्र चालला नसता. ड्रॉइंगवर मी आयुष्यभर दोन्ही मापांना सारखीच सूट लिहून मोकळा होत असे.

लेथसाठी लागणारी अवजारे लेथवरच करावीत, हा सल्ला जुना आहे आणि चांगला आहे, कारण या अवजारांचा जोडीदार म्हणजे लेथ स्वतः. माझ्या मते यातले पहिले अवजार टेल स्टॉकमध्ये (चकसमोरच्या आधारात) बसणारा डाय होल्डर, म्हणजे सळईवर आटे पाडणारी डाय धरणारे अवजार, असावे. हाताने डाय फिरवून सळईवर आटे पाडले, तर ते हमखास थोडे तिरके पडतात. डाय होल्डरमध्ये एक दांडा टेल स्टॉकच्या निमुळत्या भोकात बसतो आणि त्या दांड्यावर डाय धरलेली एक नळी मोकळेपणाने सरकते. चक हाताने फिरवत गेले की डाय स्वतःच्या आट्यांनी स्वतःला पुढे ओढत नेते आणि सरळ चालते. माझ्या ८ मिलिमीटरच्या डायचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आहे, म्हणून नळीच्या तोंडाला तेवढी बैठक बोअर केली (आतून कातली). नळीचे भोक आणि दांडा यांत तीन-चार शतांशांची मोकळीक ठेवली. त्याहून कमी ठेवली तर तेल आणि बारीक कीस यांनी नळी अडकते, जास्त ठेवली तर डाय मान टाकते.

पण या कामाचा खरा कस दांड्याच्या निमुळत्या टोकात आहे. माझ्या टेल स्टॉकचा टेपर (निमुळतेपणा) मोर्स या ठरावीक मापांपैकी दोन नंबरचा आहे. साधारण वीस मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर व्यास कमी होतो आणि अर्धा कोन एक अंश २५ मिनिटे ५० सेकंद भरतो. कंपाउंडवरच्या (टूल तिरके सरकवणाऱ्या भागावरच्या) खुणा अंशांच्या असतात, त्यावर हा कोन लावणे शक्यच नाही. उपाय असा की, बाजारातून आणलेला एक चांगला टेपर दोन सेंटरांमध्ये धरायचा, टूल पोस्टवर डायल गेज लावायचा आणि कंपाउंड टेपरच्या कडेने पुढे-मागे फिरवताना काटा हलेनासा होईपर्यंत कंपाउंडचा कोन बोटाने हलके ठोकून जुळवायचा. आकडे न वाचता एका वस्तूवरून दुसरीला कोन देण्याची ही रीत मला फार आवडते. टेपर झाल्यावर त्यावर निळ्या रंगाच्या तीन बारीक रेषा ओढून तो टेल स्टॉकमध्ये घालून थोडा फिरवला आणि बाहेर काढला. पहिल्या वेळी रेषा जाड टोकालाच पुसल्या होत्या. कंपाउंड केसभर हलवून पुन्हा एक कट घेतला, तेव्हा त्या पूर्ण लांबीत पुसल्या गेल्या. बरोबर जमलेला टेपर हाताच्या धक्क्याने बसतो आणि मग हाताने ओढून निघत नाही. तो दांडा मला ठोकूनच काढावा लागला.

एका कामात माझी चांगलीच चूक झाली. आमच्या रस्त्याच्या टोकाला रसवंती आहे. तिच्या एका लाटेच्या शाफ्टचा गनमेटलचा बुश (शाफ्ट जिच्यात फिरतो ती नळी) झिजला होता आणि मार्चच्या ऐन उन्हाळ्यात चरक बंद पडला होता. बुश काढणे हे कोणत्याही टर्नरचे रोजचे काम आहे. आपल्या घरात, म्हणजे यंत्रातल्या त्याच्या भोकात, शिरताना तो घट्ट बसला पाहिजे आणि शाफ्टला आत मोकळे फिरू दिले पाहिजे, म्हणजे एकाच वस्तूला दोन जोडीदार आणि दोघांच्या अपेक्षा उलट. मी झिजलेल्या शाफ्टचा व्यास तीन ठिकाणी मोजला, जिथे सर्वांत जास्त भरला त्यावर चार शतांश मोकळीक धरून बुश बोअर केला, बाहेरचा व्यास घरापेक्षा पाच शतांश जास्त ठेवला आणि आट्याची सळई, नट व वॉशर लावून तो हळूहळू आत ओढून बसवला. बसला उत्तम. शाफ्ट मात्र आत जाईना.

कारण बसवल्यानंतर समजले, आणि ड्रॉइंगवर इतकी वर्षे फिट लिहिणाऱ्याला ते आधी समजायला हवे होते. घट्ट बसवलेला बुश बाहेरून दाबला जातो. त्याची भिंत पातळ असेल तर तो दाब जवळजवळ पूर्णपणे आतल्या व्यासात उतरतो. मी ठेवलेली चार शतांशांची मोकळीक त्या पाच शतांशांनी गिळून टाकली होती. दुसरा बुश करताना भोक मुद्दाम लहान ठेवले, बुश घरात बसवला आणि मग ॲडजस्टेबल रीमर (भोक किंचित किंचित मोठे करणारे अवजार) थोडा थोडा मोठा करत शाफ्टच्या मापाला आणला; आत ग्रीससाठी एक खाचही पाडली. रसवंतीवाल्या दादांचे दोन दिवसांचे नुकसान माझ्यामुळे झाले. त्यांनी ते बोलून दाखवले नाही, याची मला आजही रुखरुख आहे. पहिला बुश मी मोडीत घातला नाही. टूलच्या कपाटात तो अगदी समोर ठेवला आहे.

आट्यांचे काम वेगळ्या अर्थाने जोडीचे आहे, कारण त्यातला जोडीदार बहुतेक वेळा आपल्या समोर नसतो. आपण बोल्ट करतो आणि तो कुठल्याही दुकानातल्या नटात बसावा अशी अपेक्षा ठेवतो. ही अपेक्षा फार जुनी नाही. इंग्रज यंत्रकार हेन्री मॉडस्ली याने १८०० सालाच्या सुमारास लंडनमध्ये स्लाइड रेस्ट (टूल धरून सरकणारा भाग), लीड स्क्रू (त्याला ठरावीक गतीने ओढणारा लांब स्क्रू) आणि बदलता येणारे गिअर एकत्र आणून आटे पाडणारा लेथ तयार केला, तोपर्यंत चांगला स्क्रू हे कुशल हाताचे एकेकटे काम होते आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल याचा भरवसा नव्हता. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंशांचा कोन असलेले ठरावीक आटे सुचवले, आणि अनोळखी जोडीदार एकमेकांत बसू लागले. आपल्याकडच्या जुन्या लेथांवर त्या इंची जगाची खूण अजून आहे. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना काढला. त्या पिढीचे लेथ आमच्या भागातल्या वर्कशॉपांमध्ये अजूनही चालताना दिसतात, आणि इंची लीड स्क्रू असलेल्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे म्हटले की १२७ दात्यांचा गिअर शोधावा लागतो.

हा १२७ आकडा प्रथम विचित्र वाटतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट म्हणजे १२७. माझा लीड स्क्रू इंचाला आठ आट्यांचा आहे. मला १२ मिलिमीटरच्या बोल्टचे १.७५ मिलिमीटर पिचचे (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे हवे असतील, तर चक फिरवणाऱ्या स्पिंडलकडे ७० दात्यांचा आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचा गिअर लावला की गुणोत्तर काटेकोर जुळते, कुठेही अंदाज राहत नाही. पिच मिलिमीटरमध्ये घेऊन तिला ४० ने गुणले की वरच्या गिअरचे दाते मिळतात : १.५ ला ६०, १.२५ ला ५०. मात्र अशा वेळी हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा उघडता येणारा नट) मध्येच उघडायचा नाही, कारण तो पुन्हा त्याच आट्यात लागेल याची खात्री नसते; टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवूनच परत यायचे. ज्यांचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला आहे, त्यांनी उलटे फिरवताना तो सुटून येणार नाही याची काळजी घ्यावी.

आट्यांचा सराव करायला मी छोटे स्क्रू जॅक सुचवीन. खाली रुंद बैठक, आत आटे, वर एक स्क्रू आणि त्याच्या डोक्याला डुलणारी टोपी. एकाच उंचीचे तीन जॅक करावेत. ड्रिल मशीनच्या टेबलावर वेडावाकडा ओतीव जॉब सपाट धरायला ते रोज उपयोगी पडतात, आणि तीन केल्यामुळे तिसऱ्याचे आटे पहिल्यापेक्षा किती स्वच्छ आले हे शेजारी ठेवून पाहता येते. कोणत्याही जॅकचा स्क्रू कोणत्याही बैठकीत सारखाच फिरला पाहिजे, अशी अट मी स्वतःला घातली होती. ती पहिल्या तिघांत साधली नाही, दुसऱ्या तिघांत साधली.

मालाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण बरीच निराशा तिथून येते. भंगारात पडलेली बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून कोणी लेथवर लावू नये. तिचे बाहेरचे कवच तापवून पाण्याने थंड केलेले, कठीण असते आणि तिच्या कडांवर टूल सतत आपटते. जुन्या हायड्रॉलिक सिलिंडरचा किंवा शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा सुंदर गुळगुळीत दिसतो, पण वरचा क्रोमचा थर एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलची धार घालवतो. अनोळखी तुकडा हातात आला, तर तो ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहाव्यात : माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि साध्या रेषांच्या, जास्त कार्बनच्या पोलादाच्या जवळच फुटणाऱ्या आणि फांद्यांच्या, बिडाच्या आखूड आणि तांबूस. सुरुवातीला लेड मिसळलेले फ्री कटिंग स्टील विकत घ्यावे, त्याचा फिनिश पाहूनच हुरूप येतो. आणि २५ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या सळईला एचएसएसच्या टूलने मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे पुरतात. त्याच्या तिप्पट वेगाने फिरवून टूल जाळण्याचे काम मी बरेच दिवस केले.

स्वयंपाकघरासाठी काही करावे, अशी इच्छा प्रत्येकाला होते आणि तिथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. लेथवर सर्वांत सोपे जाणारे पितळ म्हणजे फ्री कटिंग पितळ, आणि त्यात सुमारे तीन टक्के शिसे असते. दाराची मूठ करायला ते उत्तम आहे. अन्नाला लागणारी वस्तू त्याची करू नये. बहिणीने वेलदोडे कुटायला लहान खलबत्ता मागितला, तेव्हा मी तो ३०४ स्टेनलेसचा केला. हे स्टील चिवट आहे. टूल नुसते घासले तर त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट लागत नाही, त्यामुळे वेग कमी, धार तीक्ष्ण आणि कट ठाम ठेवावा लागतो. त्याचा कीस लांब, धारदार वेटोळ्यांनी निघतो. तो हाताने ओढायचा नाही, मोटर थांबवून आकड्याने काढायचा. खलाच्या आतला गोलावा आणि बत्त्याच्या टोकाचा गोलावा यांचेही एक नाते असते. दोन्ही सारखे केले तर वेलदोडा सगळीकडून अडकून नुसता दबतो. बत्त्याची त्रिज्या खलापेक्षा थोडी कमी ठेवली, तर तो एका ठिकाणी चिरडला जातो आणि बाकीचे दाणे बाजूला सरकायला जागा उरते. बहिणीने दुसऱ्या दिवशी फोन करून वेलदोड्याचे नाही, तर आल्याचे सांगितले : आले त्यात छान ठेचले जाते. मी त्याचा विचारही केला नव्हता.

माझ्या कसोटीला एक अपवाद आहे, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. भिंगरीला जोडीदार नसतो. बोटांनी फिरवायची छोटी पितळी भिंगरी, बहुतेक वजन कडेला, पोट जमिनीच्या जवळ आणि टोक लहान गोलाव्याचे. तरीही तिच्यात चूक लपत नाही, कारण ती फिरायला लागली की दांडी आणि चकती यांचे मध्य जुळलेत की नाही ते लगेच दिसते. न जुळलेली भिंगरी काचेवर गुणगुणते आणि थरथरते, जुळलेली उभ्या जागी झोपल्यासारखी स्थिर दिसते. येथेही उपाय तोच, सगळे एका पकडीत करण्याचा. सुट्टीत घरी मुले आली की मी त्यांच्यासमोर भिंगरी करतो, पण काही नियम मोडत नाही : सर्वांच्या डोळ्यांवर गॉगल, बाह्या कोपराच्या वर, हातात मोजे नाहीत, अंगठी नाही, आणि चकची चावी हातातून सोडली तर ती फक्त तिच्या खुंटीवर जाते, चकमध्ये कधीही राहत नाही.

सध्या लेथवर जे काम आहे ते मी चार वर्षे पुढे ढकलत आलो. लहानसे डुलणाऱ्या सिलिंडरचे वाफेचे इंजिन, जे मी वाफेऐवजी दाबाच्या हवेवर चालवणार आहे. याला वेगळे व्हॉल्व्ह लागत नाहीत. सिलिंडर स्वतःच एका खिळीवर मागेपुढे डोलतो आणि डोलताना त्याचे भोक कधी हवेच्या वाटेसमोर, कधी बाहेर जाण्याच्या वाटेसमोर येते. भाग जेमतेम दहा-बारा, पण प्रत्येकाला दोन-तीन जोडीदार. सिलिंडर पितळेचा, भोक १२ मिलिमीटरचे. भोक आधी करायचे आणि पिस्टन त्याच्या मापाला नंतर करायचा, हे मी आता नियमाने पाळतो, कारण बाहेरचा व्यास दोन शतांश उतरवणे हातात असते, आतला व्यास नेमका पिस्टनला जुळवणे फार अवघड असते.

पिस्टनला रिंग नाही, त्यामुळे सगळी भिस्त फिटवर आहे. पहिला पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला तो टक् करून खाली पडला. दुसरा आत अर्ध्यावर अडकला, आणि तो थोडासा निमुळता झाल्याचे मायक्रोमीटरने दाखवले. टेल स्टॉक दोन शतांश एका बाजूला सरकलेला होता, तो जुळवण्यात रविवार गेला. तिसरा परवा रात्री झाला. तो सिलिंडरमध्ये ठेवला, खालचे तोंड बोटाने बंद केले, आणि पिस्टन थेंबभर तेलावर इतका सावकाश खाली उतरू लागला की, घरातून जेवायला दोनदा हाक आली तरी तो तळाला पोहोचला नव्हता. मग बोट काढले. उद्या पोर्टच्या, म्हणजे हवेच्या वाटेच्या, सपाट तोंडाला काचेवर ठेवलेला बारीक पॉलिश पेपर लावायचा आहे, आणि त्यानंतर दीड मिलिमीटरची भोके पाडायची आहेत.